दीपमाला मिस्त्रीची शिकवणी

"मिस्त्री आहेत काय?"

दीपमालानं रंधा थांबवला. दारात एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, काखेत वही.

"मीच मिस्त्री. बोला."

तो गडबडला… मग कानापर्यंत लाल होत हसला. राजदीप त्याचं नाव. राळेगावच्या प्रशिक्षण केंद्रात सुतारकाम शिकवायला तो नुकताच आला होता. शिक्षण सगळं नागपूरला, इंग्रजी पुस्तकांतून. आज वर्गात तो तासभर 'टेनन, टेनन' करत राहिला आणि पोरं फिदीफिदी हसली.

"टेननले इथं काय म्हणतात, सांगता काय?"

"कुसू." तिनं चौकटीचं लाकूड त्याच्यापुढे धरलं. "टोकाले हे जिभेसारखं कोरलं हाये ना, ते कुसू. दुसऱ्या लाकडाच्या भोकात ते घट्ट बसते."

"अन् ढिलं राह्यलं तं?"

"तं पाचर ठोकाची. नाहीतर मिस्त्री बदलाचा!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच. वडील गेल्यापासून कारखान्यात इतकं हसू ऐकू आलं नव्हतं. तिची आई रुखमाबाई न विचारता तीन कप चहा टाकू लागल्या.

"गुण्या म्हंजे?"

"काटकोन तपासाचं हत्यार." दीपमालानं गुण्या त्याच्या शर्टाच्या खिशाला लावला. "पाहा, सर. खिसा तिरपाच हाये."

तो श्वास रोखून उभा राहिला. तिनं हात काढला… जरा उशिरानंच.

"रंधा लाकडाच्या रेषेच्या अंगानं मारावा. उलटा मारला तं लाकूड उचकटते."

"माणसाचं बी तसंच असते काय?"

"मले काय माहीत! मी लाकडाची मिस्त्री हाओ."

मग एका रविवारी यवतमाळचे पाहुणे तिला पाहून गेले. सोमवारपासून राजदीप फिरकलाच नाही. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी दीपमालानं सायकल काढली आणि थेट त्याच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काहून येत नाही, सर? शब्द सरले काय?"

त्याच्या हातातला खडू तुटला. "मले वाटलं… तुमचं जमलं."

"मी नाही म्हटलं त्यांले. लग्नानंतर हत्यार हाती धराचं नाही, म्हणत होते."

"अन् कोणी… हत्यारासकट मागणी घालायले आलं तं?"

मागच्या बाकावरून शिट्टी वाजली. दीपमालाचे गाल तापले, पण नजर हलली नाही.

"तं त्यानं आमच्या आईले विचाराव. माह्यं काही म्हणणं नाही."

"मंग आत्ताच विचारतो." राजदीपनं वर्ग सोडला आणि तिची सायकल हातात घेतली. तिनं ती परत ओढून घेतली.

"मी चालवते. तुम्ही मांगं बसा."

"लोकं पाहतीन ना!"

"पाहू द्या."

बाजाराच्या रस्त्यानं सगळ्या राळेगावनं पाहिलं. सर कॅरियरवर बसले होते, कान लालबुंद, आणि दीपमाला मोठ्यानं हसत पायडल मारत होती.