ढवळूला मारलेली तिसरी हाक

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी एक नवस बोलले होते. आमचे यजमान घर शाकारायला कौलांवर चढले होते आणि बघता बघता आभाळ भरून आलं, वारा सुटला. मी अंगणात उभी. हात आपोआप जोडले गेले. म्हटलं, "महालक्ष्मी आई, यांना धड खाली उतरव. तुझी ओटी भरीन. आणि या घरात आहे तोवर जो कोणी छपरावर चढेल, त्याला तीनदा नावानं हाक मारून खाली बोलावीन. तो उतरेपर्यंत तोंडात घास घालणार नाही."

बोलून गेले, आणि मग ध्यानात आलं. म्हणजे यांना नावानं हाक मारायची! उखाण्याबाहेर मी कधी नाव घेतलं नव्हतं. पण शब्द देवीला दिलेला. पदर तोंडाशी धरला आणि तीनदा नाव घेतलं, चांगलं मोठ्यानं. शेजारच्या काकू कुडापलीकडून म्हणाल्या, "अगो, आज कुणाचं डोहाळजेवण?" हे लाल होऊन खाली उतरले ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण उतरले.

तीनच हाका का, ते कळायला आदली रात्र सांगायला हवी.

आदल्या रात्री जेवणं उरकून आम्ही सगळे ओटीवर बसलो होतो. माझे सासरे, अण्णा, झोपाळ्यावर. खाली पुतणे-भाचे. मी दाराआड, नव्या सुनेसारखी. दुसऱ्या दिवशी शाकारणी, म्हणून शिडी काढून भिंतीला लावून ठेवली होती. अण्णा बराच वेळ त्या शिडीकडे बघत होते. मग म्हणाले, "रात्रीची शिडी उभी ठेवू नये. आडवी करा रे ती."

"का, भूत चढतं?" भाचा बाळू हसला.

"चढत नाही," अण्णा म्हणाले. "उतरतं."

मग कोणी हसलं नाही. अण्णांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

*

माझा एक दोस्त होता, विसूभाऊ. जव्हारला संस्थानचा कारभार होता तेव्हाची गोष्ट. गावाबाहेर टेकाडावर एका व्यापाऱ्यानं पोरांसाठी बोर्डिंग काढलं होतं. खेड्यापाड्यांतली पोरं तिथं राहून शिकायची. विसूभाऊ तिथला मास्तर. नळीच्या कौलांची लांब इमारत, आणि त्या कौलांचा वानरांनी चुराडा केलेला. फाल्गुनात अवकाळीची चिन्हं दिसली तसा विसूभाऊ बाजाराच्या दिवशी खोडाळ्याला गेला आणि ढवळूला घेऊन आला.

ढवळू कौलं चाळण्यात, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवण्यात, पटाईत. त्याचा मुलगा सोम्या त्याच बोर्डिंगात. पाड्यातलं शाळेत आलेलं पहिलं पोर. ढवळूला त्याचं केवढं कौतुक! वर काम करता करता मधेच एक कौल उचलायचा, भोकातून खाली तोंड घालायचा आणि विचारायचा, "काय रं, वाचतोस का झोपतोस?"

पोरं खिदळायची. सोम्या पाटीआड तोंड लपवायचा. विसूभाऊ ओरडायचा, "ढवळू, छप्पर बंद करायला आणलाय तुला, उघडायला नाही!"

"बंद करतो ना मास्तर. आधी पोरगं तं बघू द्या."

काम संपायच्या दिवशी तिन्हीसांजेला एकदम अंधारून आलं. आणि गारा पडायला लागल्या. सुपारीएवढ्या. कौलांवर असा ताशा वाजायला लागला की जवळचं बोललेलं ऐकू येईना. विसूभाऊनं पडवीत येऊन हाक मारली, "ढवळूऽ!" ओ आली नाही. पुन्हा मारली, "ढवळूऽ!" काही नाही. त्याला वाटलं, मागच्या आंब्याच्या फांदीवरून उतरला असेल, नेहमी तसाच उतरतो. पोरं वर चढू नयेत म्हणून शिडी आत ओढून घेतली आणि दार लावलं.

सकाळी छप्पर पांढरं झालं होतं. गारांचा थर अजून वितळला नव्हता. त्या थराखाली, आढ्याला पाठ लावून, ढवळू बसला होता. गारठलेला. हातात शेवटचं कौल. बोटं अशी घट्ट, की ते सोडवता येईना. शेवटी त्या कौलासकट त्याला पाड्यावर नेला आणि कौलासकट अग्नी दिला.

विसूभाऊला ते फार लागलं. सोम्याचं सगळं त्यानं स्वतःकडे घेतलं. पोराला आपल्या ताटाशी जेवायला बसवायचा. वर्ष गेलं. दुसऱ्या माणसानं छप्पर पुरं केलं होतं. पावसाळाभर एक थेंब गळला नाही.

मग पुन्हा फाल्गुन आला. पोरांना शिमग्याचे वेध लागले. आणि सोम्याला ताप भरला.

पहिल्या रात्री त्याच्या अंथरुणाच्या बरोबर वरचं कौल सरकलेलं निघालं. वानरं, दुसरं काय! नीट बसवलं. दुसऱ्या रात्री पुन्हा सरकलं, आणि गार वारा थेट पोराच्या छातीवर. विसूभाऊनं अंथरूण दुसऱ्या भिंतीशी नेलं. पहाटे बघतो तर तिथलं कौल सरकलेलं. जुन्या जागेचं मात्र जिथल्या तिथं. मग कोपऱ्यात नेलं. मग मधोमध. जिथं सोम्या, तिथं भोक. आणि वानर रात्रीचं हिंडत नाही रे, झाडावर निजतं.

पोराचा ताप उतरेना. छाती वाजायला लागली. वैद्य म्हणाला, आणखी एक गारठ्याची रात्र हे पोर काढणार नाही. विसूभाऊनं पाड्यावर निरोप धाडला. सोम्याची आई, माघी, उन्हाची चालत आली. पोराच्या उशाशी बसली. वर बघितलं. भोकाकडे बघत राहिली, बराच वेळ.

मग तिनं हळूच विचारलं, "मास्तर, त्या सांजेला हाका किती मारल्यात तुमी?"

"दोन."

माघीनं मान हलवली.

"का गं?"

"तिन्हीसांजेची हाक आमी घेत नाय, मास्तर. भूत बी हाक मारतं, नावानंच मारतं. पण दोनदाच. तिसरी माणसाचीच असते. तिसरीला ओ द्यायची, असं आमचं." ती पदराशी चाळा करत राहिली. "तो वाट बघत बसला असंल."

विसूभाऊ म्हणे आत ठेवलेल्या शिडीकडे बघायला लागला.

"अजून बसलाय," माघी म्हणाली. "उतरायला कोनी सांगितलंच नाय त्याला. म्हनून वरनंच बघतो पोराला."

ती रात्र शके अठराशे पंचेचाळीस, फाल्गुन शुद्ध त्रयोदशीची. बाकीच्या पोरांना दुसऱ्या खोलीत निजवलं. माघी आत, सोम्याचं डोकं मांडीवर घेऊन. विसूभाऊनं शिडी बाहेर काढली. वळचणीला लावली. चांदणं लख्ख होतं. छप्पर रिकामं दिसत होतं.

आतून माघीचा आवाज आला. "मास्तर… कौल उचललं."

विसूभाऊनं वर बघितलं. कोणी नाही.

हाक फुटेना. मारली नाही तर पोर जातं. मारली तर… काय उतरणार?

त्यानं दोन्ही हातांनी शिडी धरली. डोळे मिटले.

"ढवळूऽऽ… उतर रे. खाली ये."

वारा थांबला. रातकिडे थांबले.

आणि वरून, अगदी साध्या आवाजात…

"ओ."

शिडीची वरची पायरी कुरकुरली.

मग तिच्या खालची.

विसूभाऊच्या हातांना गारवा लागला. बर्फासारखा. बांबूतून उतरत आलेला. त्यानं शिडी सोडली नाही. एकदा ओढून घेतली होती. आता सोडणार नव्हता.

आणखी एक पायरी.

आणखी एक.

कानाशी श्वास. ओल्या घोंगडीचा वास.

मग शिडी हलकी झाली.

दार वाजलं नाही. पण आत दिवा फडफडला. आणि आतून, त्याच साध्या आवाजात…

"काय रं… वाचतोस का झोपतोस?"

*

अण्णा थांबले. झोपाळा कधीच थांबला होता. बाळू आईच्या कुशीत शिरून बसला होता.

"मग?" कोणीतरी विचारलं.

"मग काय! पहाटे पोराला दरदरून घाम सुटला, ताप उतरला. पेज मागितली त्यानं. पुढं शिकला, मोठा झाला, त्याच्या पोरांची लग्नं झाली."

"आणि ढवळू?"

"उजाडल्यावर विसूभाऊ आत गेला," अण्णा म्हणाले. "माघी तशीच बसलेली, वर बघत. छपराला भोक नव्हतं. तिथं कौल बसलेलं होतं. नीट, दोन्हीकडून दाबून, जाणत्या हातानं बसवावं तसं. विसूभाऊ त्याच शिडीनं वर चढला, त्यानं ते काढून बघितलं. बाकीची कौलं लाल. हे एक काळं. जळलेलं. राख लागलेली. आणि त्या राखेत पाच बोटांच्या जागा तेवढ्या लाल राहिलेल्या… घट्ट धरल्यासारख्या.

"माघीच्या हातात दिलं. तिनं आपली बोटं त्या जागांवर ठेवून बघितली. म्हणाली, 'हे तं त्याच्या हातातच चितेवर गेलं होतं ना.' परत देऊन टाकलं. म्हणाली, 'त्याचं काम हाय. जागच्या जागी लावा.'"

एवढं सांगून अण्णा उठले. त्यांनी स्वतःच्या हातानं शिडी आडवी केली आणि देवापाशी जाऊन दिवा सारखा केला. मी रात्रभर जागी होते. दुसऱ्या दिवशी आमचे यजमान त्याच शिडीनं वर चढले, आणि वारा सुटला.

आता माझे केस पिकले. नवस मी पाळते आहे. कौलं काढून पत्रे घातले तेव्हाही पाळला. पत्रेवाला पोरगा हसला होता. म्हणाला, "आजी, पहिल्याच हाकेला ऐकू आलं की!" म्हटलं, येऊ दे. तिसरी होऊन तू उतरेपर्यंत माझं ताट झाकलेलं राहील. ज्या देवीनं माझी हाक ऐकली तिला दुसरं मी काय देणार? आणि वरचं माणूस एकटं असतं हो. खाली आपलं कोणी आहे, एवढं त्याला कळलं तरी पुष्कळ.

म्हणून तुम्हाला हात जोडून एक मागते. तुमच्या घरावर कोणी चढलं, घरचं असो, मजुरीचं असो, तर त्याचं नाव आधी विचारून ठेवा. दिवेलागणीच्या आत त्याला हाक मारा. ओ आली नाही तर दुसरी मारा. आणि दुसरीलाही ओ आली नाही, तर दार लावून घेऊ नका. शिडी धरून उभे राहा, आणि तिसरी मारा.