बारावं घर

त्या दिवशी अक्मारलचं गिऱ्हाईक आलंच नाही. आला तो गिऱ्हाईक नव्हता.

ऑक्टोबर सरत आलेला. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, बर्फ म्हणावा तर बर्फ नाही, असलं काहीतरी ओलं, बोचरं डोंगरावरून अल्माटीवर उतरत होतं. भाड्याची घरं दाखवणारी अक्मारल एका जुन्या इमारतीच्या दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन पाय आपटत उभी होती. तेवढ्यात एक उंच, सडपातळ माणूस आला, त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि चक्क कान लावला.

"काय म्हणते भिंत?" तिने विचारलं.

"म्हणते, आत पाइप गळतोय..." तो हसला. "संगीतशाळा हीच का? मी पियानोचे सूर लावतो. आजच समरकंदहून आलोय."

"संगीतशाळा खाली, दोन चौक सोडून. आणि राहणार कुठे?"

"सध्या हॉटेलात. घर मिळेपर्यंत."

मांजरापुढे दुधाची वाटी आणि दलालापुढे परका भाडेकरू... तोंड कोण फिरवतं? अक्मारलने त्याला तिथूनच वर नेलं.

"भाडं दोन लाख टेंगे," ती म्हणाली. "सगळं धरून."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे... सगळं."

"तुमचा आवाज आत्ता अर्ध्या सुराने चढला," तो हळूच म्हणाला.

ती चिडली. पण त्याच्या डोळ्यांत कुचेष्टा नव्हती, नुसतं कुतूहल होतं. मग तिला सांगावंच लागलं — हिवाळ्यात खोल्या तापवण्याचं बिल वेगळं, लिफ्टची वर्गणी वेगळी, एका महिन्याची अनामत, वर तिची दलाली अर्ध्या महिन्याची.

"म्हणजे सगळं सोडून सगळं!" तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटले.

त्याचं नाव दावरोन. ते घर त्याला पटलं नाही. दुसरं नाही, पाचवं नाही, नववंही नाही. कुठे नळ बेसूर, कुठे वरच्या मजल्यावरची म्हातारी रात्रंदिवस पाय घासत चालते. अक्मारल वैतागायची, आणि घरी जाऊन आणखी एक पत्ता शोधून ठेवायची.

"खालच्या गल्लीत एक आहे," ती फोनवर सांगायची. "बेकरीच्या वर. सकाळी नानचा वास येईल."

"तुमच्या अल्माटीच्या नानला वास असतो?"

"समरकंदवाल्यांची मिजास नानपासून सुरू होते, कळलं का! येताय की नाही?"

"येतोय. तुमच्या बुटांचा आवाज ऐकला नाही तर दिवसच लागत नाही."

"लागत नाही म्हणजे?"

"सुरात लागत नाही..."

फोन ठेवल्यावर ती उगाच खिडकी उघडायची, उगाच लावायची. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठे जावं कळेना. एकच किडा डोक्यात वळवळत राही — घर मिळालं की संपलं. दलालाला दुसऱ्यांदा फोन कोण करतो?

तिची आत्या कुल्याश हीच या दलालीच्या धंद्याची मालकीण. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं ऑफिस, आणि जिभेवर चाबूक.

"अकरा घरं!" ती गरजली. "अगं, अकरा घरांत मी अकरा लग्नं लावली असती! गिऱ्हाईक फिरवतेस का स्वतः फिरतेस?"

"त्यांना शांत घर हवंय, आत्या."

"शांत घर थडग्यात असतं. आणि ऐक, परदेशी माणूस तो, शुक्रवारपर्यंत सरकारदरबारी त्याच्या पत्त्याची नोंद झाली नाही तर तुझ्या समरकंदवाल्याला सरकार सीमेपार घालवेल. मग फिर एकटी!"

अक्मारलने लगेच पत्त्यांची वही ओढली.

गुरुवारी बारावं घर निघालं, तेही तिच्याच गल्लीच्या तोंडाशी. घर लख्ख, भिंती गप्प, खिडकीत डोंगर. दावरोन खोलीच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटून. बोट कुठेच टेकवलं नाही.

"हेच," तो म्हणाला. "इथून तुमचं फाटक दिसतं."

मालकीण बिबिगुल आपा चहा मांडत होती. तिने अक्मारलला स्वयंपाकघरात ओढलं.

"पोरी, पैसे हातात पडेपर्यंत एक अक्षर बोलू नकोस. पत्त्याच्या नोंदीचा कागद मी देणार नाही. कागद दिला की भाड्यावर कर आला. त्याला म्हणावं, देतील उद्या-परवा."

"आपा, उद्या शुक्रवार आहे!"

"मग? तो सापडला तर दंड तो भरेल. चल, नान खा."

बाहेर दावरोन पाकीट काढून बसला होता. समोर ताजा नान. आल्या घरी तुकडा मोडायचाच, आणि मोडल्यावर त्या घराचं वाईट बोलायचं नाही, हे तर रांगत्या पोरालाही ठाऊक. बिबिगुल आपाने तुकडा तिच्यापुढे धरला.

अक्मारलचा हात पुढे येईना.

"घे की!"

"नाही, आपा. आधी बोलते." ती दावरोनकडे वळली. "दावरोन, पैसे आत ठेवा. या पत्त्याचा कागद तुम्हाला मिळणार नाही. उद्या नाही, परवाही नाही."

बिबिगुल आपाचा चेहरा तव्यासारखा तापला. "माझ्या घरात येऊन माझा नान नाकारतेस? कुल्याशची भाची शोभत नाहीस! निघा दोघं!"

जिन्यात दोघं उभी. खाली कुणीतरी दार आपटलं. अक्मारलचा फोन वाजला. बिबिगुल आपाने लगेच कळवलं असणार, कारण पलीकडून आत्या: "दलाली गेली, बिबिगुल गेली, अक्कल तर केव्हाच गेली! निदान ते पोरगं तरी हातात ठेव, मूर्खे!" खट्.

ते दावरोनलाही ऐकू गेलं होतं. त्याचे कान लाल झाले.

"मला वाचवण्यासाठी बोललात?" त्याने विचारलं.

"माहीत नाही..." ती भिंतीकडे पाहत म्हणाली. "खरं सांगू? आपा कागद देणार नाही म्हणाली तेव्हा मला एकीकडे बरंच वाटलं. वाटलं, हेही घर गेलं, आणखी एक बघावं लागेल. मी चांगुलपणाने बोलले की स्वार्थाने, माझं मलाच कळेना. आता तुम्हाला जावं लागणार, आणि मी..."

"थांबा. माझंही एक ऐका." तो चाचरला. "संगीतशाळेच्या पहारेकऱ्याच्या बहिणीकडे एक खोली आहे. कागदासकट. पहिल्या आठवड्यापासून ती माझ्यासाठी अडवून ठेवलीय."

अक्मारल गर्रकन वळली. "काय? मग तीन आठवडे हॉटेलला पैसे ओतलेत? माझी पायपीट केलीत?"

"ती खोली घेतली असती तर तुम्हाला फोन कोणत्या तोंडाने केला असता? आज हे घर घेऊन तिला नाही म्हणणार होतो... फाटकासाठी."

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याऐवजी तिने त्याच्या कोटाची वर आलेली कॉलर दोन्ही हातांनी नीट बसवली, आणि हात तिथेच राहिले.

"तुम्ही महाग पडणार," ती पुटपुटली.

"अक्मारल... मला तुमच्याशिवाय या शहरात एकही घर बघायचं नाही. राहायचं तर मुळीच नाही."

तिने कॉलर उगाच पुन्हा एकदा बसवली. बोलली असती तर आवाज चढलाच असता.

शुक्रवारी सकाळी दोघं त्या खोलीवर गेली. दार एका ठेंगण्या बाईने उघडलं, डोक्याला रुमाल, हाताला पीठ. तिने दावरोनला आत घेतलं आणि अक्मारलला उंबऱ्यावरच अडवलं.

"तू दलाल का गं? दलालांना मी दारातूनच परत पाठवते, आधीच सांगते."

दावरोन घाईने तोंड उघडणार, तोच अक्मारलने बूट काढले आणि त्याच्या बुटांशेजारी ठेवले.

"नाही, आपा," ती म्हणाली. "मी यांच्याबरोबर आलेय."