एकच उघडा

आमिषासाठी किडे विकत आणणारा माणूस आळशी, असं शिंप्याचा दादा म्हणायचा. आणि किनाऱ्यावरच्या वाळूत किडे खणून खड्डा तसाच टाकणारा? तो दादाच्या लेखी माणूसच नव्हे. "खड्डा बुजव" हे ऐकून ऐकून शिंप्याचे कान किटले होते.

गेल्या वर्षी असाच एक खड्डा उघडा राहिला आणि वर पाणी साचून दिसेनासा झाला. दादाचा पाय त्यात गुडघ्यापर्यंत रुतला, आणि भरती काही कुणासाठी थांबत नाही. दादा दुसऱ्या दिवशी मिळाला, त्याचं फावडं कधीच मिळालं नाही. शिंप्याने सगळ्यांना सांगितलं, खड्डा दादाचाच होता. तेव्हापासून गल्लीत दादाचं नाव निघालं की कुणीतरी हसून म्हणायचंच, 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.' वहिनी मग खिडकी लावून घ्यायची.

वहिनी दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून दुपारच्या ओहोटीला शिंपी तिच्यासाठी लेपा धरायला गळ घेऊन निघाला. लेपा हा चपटा मासा वाळूत अंग पुरून पडून राहतो, पण नवाबाला किडा मात्र ताजाच लागतो!

पहिल्या खड्ड्यात दोन किडे मिळाले. त्याने खड्डा बुजवला, वर पायाने दाबला आणि चार पावलं पुढे जाऊन दुसरा खणला. मागे पाहिलं तर पहिला उघडा.

"हात्तिच्या!"

पुन्हा बुजवला. तोवर दुसरा उघडा. तिसऱ्याचीही तीच गत. कडा फावड्याने कापल्यासारख्या सरळ, तळाशी काळं पाणी, आणि कुजकट वास. तासभर हाच खेळ चालला. डब्यातले किडे मलूल झाले, गळ अजून कोरडाच होता, आणि शिंप्याचं डोकं तापलं.

"मेल्यावर तरी पिच्छा सोड!" तो ओरडला. "बुजवतोय ना मी!"

वारा पडला. त्याने मोजले, खड्डे सात होते. खणले होते तीन. आणि आता ते त्याच्या चारी बाजूंनी होते. भरतीचं पाणी जवळ येत होतं.

"दादा... अजून काय राहिलं रे..."

विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं.

"तो खड्डा... माझा होता. मला घाई होती. मी खोटं बोललो..."

सगळी वाळू सपाट झाली. शिंपी गळ तिथेच टाकून पळत सुटला. वहिनीला आज सगळं सांगायचं, त्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं त्याने वाटेतच ठरवलं.

गुडघेदुखीमुळे वहिनी सहा महिन्यांत घराची पायरी उतरली नव्हती. ती खुर्चीत बसून पिनेने नखांतली ओली वाळू काढत होती. दारामागे एक फावडं निथळत उभं होतं. मुठीवर जाड कापडाची खोळ, तिला दुहेरी टीप. ती टीप शिंप्याने दादासाठी स्वतःच्या हाताने घातली होती.

"वहिनी... हे कुठून..."

"मला कळलंय, भावजी." तिने वर पाहिलं नाही. "आधी गल्लीत जाऊन सांगा. तोवर एक उघडाच ठेवलाय."

कुठे, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि उजव्या पायाखालची फरशी त्याला मऊ लागली.