दांडीवर बसलेला माणूस

सायकल का चालवत नाही म्हणून विचारलंत ना? सांगतो. त्या कंदिलाची वात तेवढी जरा वर करा.

सत्तावन्न सालचा डिसेंबर असेल. मी तेव्हा लालबागला चाळीत राहत होतो. गिरणीत साचेखात्यात, मागावर होतो, दिवसपाळीला. माझी बायको अंबिका परळला बाळंतीण झाली होती. पहिलीच मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना घरी आणायचं होतं आणि घरातली गादी बसून बसून पाटासारखी झाली होती. म्हणून ती मी भायखळ्याच्या एका पिंजाऱ्याकडे टाकली होती. पाळी सुटल्यावर ती आणायला गेलो. एवढंच काम.

पिंजाऱ्याने गादीची वळकटी केली आणि माझ्या सायकलच्या कॅरियरवर उभी धरून सुतळीने करकचून बांधली. सूर्य नुकताच बुडाला होता. दिवाबत्तीचा नियम मला ठाऊक होता, म्हणून मी पुढचा रॉकेलचा दिवा तिथेच पेटवून घेतला. मी फार भित्रा माणूस हो. नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे लहानपणापासूनचं.

चिंचपोकळीपर्यंत काही नव्हतं. गिरण्यांचा धूर खाली उतरला होता, ट्रामची घंटा लांब कुठेतरी वाजत होती. भिंतीभिंतींवर अजून संयुक्त महाराष्ट्राच्या त्या घोषणा होत्या, 'झालाच पाहिजे', गेरूच्या, चुन्याच्या, काही ऑइलपेंटच्या. पोलिसांनी वरून डांबर फिरवलं तरी खालून अक्षरं वर यायची.

पुलापुढे सायकल जड लागायला लागली. आधी वाटलं, गादीचं ओझं. पण ओझं मागे होतं आणि जड होत होतं ते पुढचं चाक. हँडल वळवताना मनगटं भरून येत होती. वाराही अंगाला नीट लागेना. चेहऱ्याला लागत होता, छातीला नाही. आणि वास येत होता. टर्पेंटाइनचा. नुकता रंग दिलेल्या दारापाशी येतो तसा. मी इकडे तिकडे बघितलं. कुठे रंगकाम चाललेलं नव्हतं.

लालबागच्या अलीकडच्या नाक्यावर शिट्टी वाजली.

निळा डगला, पिवळी टोपी. चाळिशीचा, साताऱ्याकडचा वाटणारा हवालदार हात आडवा करून उभा होता.

"उतरा खाली. डबल सीट."

मला हसूच आलं. "हवालदारसाहेब, गादी आहे ती. माणूस नाही."

"डबल सीटला बंदी हाय, ठावं न्हाई का?"

"ठाऊक आहे. पण ती माणसाला. कॅरियरवर सामान न्यायला कुठे बंदी आहे? आमच्या नाक्यावरचा दूधवाला रोज चार कॅन नेतो."

तो हात आडवाच धरून उभा राहिला. मला वाटलं, संधिप्रकाशात फसला बिचारा, आणि आता माघार घ्यायची लाज वाटतेय. नियम समजण्यात याची काहीतरी गल्लत झालीय. मी सुतळी सोडली, वळकटी खाली उतरवली आणि फुटपाथवर ठेवली. "बघा. झालं समाधान?"

हवालदाराने गादीकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्या हातांकडे बघत होता. हँडल धरलेल्या दोन हातांच्या मधे.

"गादीचं कोण बोलतंय?" तो म्हणाला. "तुमच्या दांडीवर बसलाय त्याला उतरवा."

मी खाली बघितलं. दांडी रिकामी होती.

"कोणी नाही हो..."

"थट्टा नका करू. कवापास्नं बघतोय, पुलापास्नं. तुमच्या खांद्यावर मान टाकून बसलाय. प्यालाय काय?" आणि तो पुढे वाकून, माझ्याशी नव्हे, माझ्या छातीपुढच्या हवेशी बोलला, "ए, ऊठ. खाली उतर. नाव काय तुझं?"

रस्त्यावरून एक ट्राम गेली. तिच्या उजेडाचे चौकोन आमच्या अंगावरून सरकले. हवालदाराने कान जवळ आणला.

"मोठ्यानं बोल की जरा... काय? दौलत?" त्याने खिशातून वही काढली, पेन्सिल जिभेला लावली. "दौलत. धंदा? पेंटर... ऱ्हायला? घोडपदेव..."

माझ्या हातातली सायकल सुटलीच असती. पण सुटली नाही. कोणीतरी आतून हँडल धरून ठेवल्यासारखी ती उभी राहिली.

ते नाव मला माहीत होतं. त्या नावाचा माणूस मी आयुष्यात एकदाच बघितला होता.

कोपऱ्यावरच लाकडी चौकी होती. हवालदार म्हणाला, चला, तिथे बसून लिहू. मी सायकल चौकीच्या भिंतीला टेकवली, गादी उचलून आत घेतली. आत विजेचा एक दिवा होता, मिणमिणता. हवालदार बाकावर बसला, वही उघडली आणि दारातून बाहेर बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"आता तिथं कोण न्हाई."

"मघाशी पण नव्हतं," मी म्हणालो.

"मग ह्ये नाव मला कुणी सांगितलं?"

बाहेर सायकलची घंटी वाजली. एकदाच. रस्त्यावर माणूस नव्हता.

हवालदाराने वही मिटली. "तुम्ही वळखता त्याला," तो म्हणाला. तो मला विचारत नव्हता.

मी सांगितलं. अंबिकेलाही कधी सांगितलं नव्हतं ते त्या निळ्या डगल्यातल्या परक्या माणसाला सांगितलं.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत अशी बातमी आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दोन-तीन दिवस नुसता अश्रुधूर, दगड आणि गोळ्या. मी घरातच होतो. पण म्हाताऱ्या आईचं औषध संपलं म्हणून दुपारी सायकल घेऊन बाहेर पडलो, आणि परत येताना एका गल्लीच्या तोंडाशी तो दिसला. भिंतीला पाठ टेकून बसलेला. वीस-बावीसचा असेल. शेजारी रंगाचा डबा कलंडला होता, भिंतीवर घोषणा अर्धीच राहिली होती. त्याच्या सदऱ्यावर लाल दिसलं ते आधी मला रंगच वाटलं.

तो म्हणाला, "भाऊ, मला इस्पितळात न्या. दांडीवर बसतो मी. जड नाही मी फार."

त्याने नाव सांगितलं. घोडपदेवला आई एकटी आहे म्हणून सांगितलं. इस्पितळ तिथून सायकलवर दहा मिनिटांवर. आणि मी काय बोललो ठाऊक आहे? मी म्हणालो, "डबल सीट चालत नाही रे. पोलीस धरतील."

गोळ्या सुटत होत्या हो गावात. कोण धरणार होतं डबल सीटसाठी? पण माझ्या तोंडातून तेच आलं. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्याला ते पटल्यासारखं त्याने मान हलवली. मी पायडल मारलं. गल्लीच्या टोकाला जाऊन मागे बघितलं तर त्याची मान खांद्यावर कलली होती.

एवढं सांगून मी थांबलो. हवालदार आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत बसला होता.

"कुठली गल्ली?" त्याने विचारलं.

मी सांगितली.

"त्या दुपारी बंदोबस्ताला मी तिथंच होतो." तो हळू बोलत होता, शब्द मोजल्यासारखे. "आम्हा आठ जणांच्या हातात बंदुका होत्या. हुकूम झाला. आठही सुटल्या. कुणाची कुणाला लागली... कुणी सांगावं? मी आपला धरून चाललो होतो की माझी भिंतीला लागली."

बाहेर पुन्हा घंटी वाजली. या वेळी दोनदा. वाट बघून कंटाळलेला माणूस वाजवतो तशी.

हवालदाराने वहीतलं ते पान फाडलं. त्याची घडी करून माझ्या हातात देऊ लागला, मग दिली नाही. स्वतःच्याच खिशात ठेवली. "माझं नाव कोंडीराम," तो म्हणाला. का सांगितलं कोण जाणे. "त्यानं कुठं न्यायला सांगितलं होतं तुम्हांस्नी?"

"इस्पितळात."

"मग न्या की."

"तुम्ही पण चला," मी म्हणालो. मी जवळजवळ त्याचे पाय धरले. "तुम्हाला दिसतो तरी. मला तो दिसतसुद्धा नाही."

त्याने मान हलवली. "माझ्यात यायचं धाडस न्हाई." गादी माझ्याकडून काढून घेऊन त्याने बाकाखाली सरकवली. "ही इथं ऱ्हाऊ द्या. परत येताना न्या. जावा आता. काळोख पडतोय."

मी सायकलवर बसलो. बसताना दोन्ही हात नेहमीपेक्षा लांब ठेवावे लागले, मधल्याला जागा द्यावी तसे. जड होता. जड नाही म्हणाला होता, पण होता. छाती थंडगार पडली होती, आणि डाव्या खांद्यावर, इथे, काहीतरी टेकलेलं होतं. चढावर मला धाप लागली तेव्हा दुसरीही एक धाप ऐकू येत होती. माझ्या श्वासाच्या मधल्या फटीत. मी थांबलो की तीही थांबायची.

"आलंच," मी म्हणत होतो. "आलंच बघ, दौलत. दोन मिनिटं. आलंच."

परळचा रस्ता माणसांनी वाहत होता. भाजीवाल्या होत्या, मुलं होती. काही माणसं बाजूला होऊन वाट देत होती, जखमी माणसाला देतात तशी. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. मी कोणाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

इस्पितळाच्या फाटकाशी म्हातारा रखवालदार स्टुलावर बसला होता. मी काही बोलायच्या आत त्याने आत हाक मारली, आणि खाकी कपड्यातला एक वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत बाहेर आला. तो माझ्यापाशी थांबला. त्याने दोन्ही हात माझ्या हातांच्या मधे घातले, काखेत धरून उचलतात तसे, आणि उचललं. कण्हला तो वॉर्डबॉय, एवढं वजन होतं. माझ्या खांद्यावरचं काहीतरी सुटलं. पुढचं चाक टायरवर अलगद वर आलं.

ट्रॉली करकरत आत गेली. रिकामी ट्रॉली अशी करकरत नाही.

मला रडू आलं. फाटकाच्या गजांना धरून मी रडलो. दोन वर्षं उरावर होतं ते उतरलं असं वाटलं. रखवालदाराने एक जाडजूड वही पुढे केली. "आणणाऱ्याचं नाव, पत्ता लिहा." मी लिहिलं. दत्ताराम, चाळीचं नाव, मजला, खोली. सगळं खरं खरं लिहिलं. आणि सायकल वळवायला हँडल धरलं.

"अहो, थांबा की," रखवालदार म्हणाला. "ट्रॉली एकच आहे. ती परत येईपर्यंत मागच्यांना बसू द्या तसंच."

मला कळेना. "मागच्यांना?"

त्याने माझ्या कॅरियरकडे हनुवटी उडवली. सहज. रोजच्या कामातलं असावं तशी.

गादी तर मी चौकीतच ठेवली होती.

मी वळून बघितलं नाही. देवाशपथ सांगतो, बघितलं नाही. कॅरियरची स्प्रिंग हळूच कुरकुरली, बसलेला माणूस जरा सावरून बसतो तशी. मी हँडल सोडलं. सायकल पडल्याचा आवाज आला नाही. मी चालत सुटलो, मग धावत.

चौकीत कोंडीराम तसाच बाकावर होता. "उतरला?" त्याने विचारलं. मी मान डोलावली. दुसऱ्याबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने गादी माझ्या खांद्यावर चढवून दिली. पुढे महिन्याभरात तो नोकरी सोडून गावाकडे गेल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून अंबिकेला आणि पोरीला घरी आणलं. बारसं ठरलं, शेजारपाजार येऊन गेला. अंबिका मधूनमधून विचारायची, "अहो, सायकल कुठाय?" दुरुस्तीला टाकलीय म्हणायचो. शेवटी आठव्या दिवशी, भर दुपारी, लख्ख उन्हात, मी परळला गेलो. म्हटलं, उन्हात काय भ्यायचं.

रखवालदार तोच होता. त्याने मला ओळखलं.

"सायकल? ती तर त्याच दिवशी गेली."

"कोणी नेली?"

"तुमच्या मागे बसलेले होते ना, त्यांनीच. खूप वेळ बसून होते बिचारे. ट्रॉली काही परत आली नाही. मग मला म्हणाले, आता इथे नको, मी त्यांच्या घरीच जातो. पत्ता विचारला. मी वहीतला वाचून दाखवला."

मी फाटकाचा गज धरला. "दिसायला... कसे होते?"

म्हाताऱ्याने आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या घातल्या, तोंड उघडलं, आणि काही न सांगता मिटलं. मग माझ्याकडे बघून, अगदी आपुलकीने त्याने विचारलं,

"का हो, अजून पोचले नाहीत?"