कोरडी ओळ

शेगडीवर किटली शिट्टी मारत होती आणि वहिनी ती उतरवत नव्हत्या. भाऊजींचा जीव नुसता वरखाली होत होता. घरात पाहुणी आलेली, तीही ऐरीगैरी नाही. जिच्या गाण्यासाठी ते दर शनिवारी पहिल्या रांगेचं तिकीट काढत, ती नटी त्यांच्याच खुर्चीवर, किटलीपासून हातभर अंतरावर बसली होती.

"पहिल्या रांगेतले ना तुम्ही?" आल्या आल्या तिने ओळखलं होतं. तेव्हापासून भाऊजी जमिनीवर नव्हते.

"मला नाव हवंय," नटी वहिनींना म्हणाली. "माझ्या भावाला पाडणाऱ्याचं. उद्या पोलिसात देते."

वकिली सोडल्यापासून वहिनी अशी कामं घेत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, दातांचे निवृत्त डॉक्टर. ते वहिनींच्या मागे मागे हिंडत आणि सगळं सर्वांत शेवटी समजून घेत.

"साखर किती घालू?" त्यांनी नटीच्या पाठीमागून विचारलं. उत्तर आलं नाही. मोठी माणसं, असं मनाशी म्हणत त्यांनी दोन चमचे घातले.

नटीने हकिकत सांगितली. नाटकाच्या शेवटी फरारी कैद्याचं काम करणारा तिचा भाऊ तिचा निरोप घेतो. ती म्हणते, "तू हो पुढे, मी येतेच." ओळ सुरात घेतली, तर ऐकणाऱ्याला कळतं की ही येणार नाही. मग गाणं होतं, तो बंद झडपेवर उभा राहून ते ऐकतो. गाणं संपल्यावर तो मागे सरतो, झडप उघडते आणि तो एकटाच भुयारात उतरतो. घसा बसला असेल तर ती ओळ कोरडी बोलते. म्हणजे ती खरंच येणार. गाणं गळतं, झडप लगेच उघडते, भाऊ काठावरच थांबतो आणि दोघं मिळून उतरतात.

"सगळ्या कंपनीला ओळीवरून कळतं. मी सुरात घेतली होती. तरी झडप उघडली, आणि तो वरून थेट तळघरात." ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता उभा राहणार नाही."

वहिनींनी तेव्हा कुठे किटली उतरवली.

थिएटरात पहिला भेटला तो मॅनेजर. त्याला वादकांपुढच्या नव्या लाकडी आडोशाचंच कौतुक.

"त्याच प्रयोगाला बसवला. वादकांची टकलं दिसायची हो प्रेक्षकांना. सगळे खूश, पियानोवाले मास्तर तेवढे हातघाईवर आले. सूर काय लाकडाला अडतो?"

रंगमंचाखाली झडपेची खिट्टी सांभाळणारे म्हातारे गृहस्थ बसत. कंपनी त्यांना खालचे काका म्हणे.

"इथनं काही दिसत नाही, बाई. माझं सगळं कानावर. ताई कोरडं बोलल्या, मी खिट्टी ओढली. मग वर पियानो सुरू झाला आणि दादा माझ्या पायाशी येऊन पडले."

"घेतली होती का थोडी?" भाऊजींनी विचारलं.

"प्रयोग असला की मी चहासुद्धा घेत नाही," काका म्हणाले आणि डोळे पुसू लागले. भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पियानोवाले मास्तर तोडून बोलले. "ओळ सुरात होती. नसती तर मी गाणं धरलं असतं का?" बोलताना त्यांचा डावा तळहात आपोआप वर चढे, पायरीवर बसलेल्या पोराला उठ म्हणावं तसा. आपल्या लक्षात येताच ते हात खिशात घालत.

भाऊ अंथरुणावर छताकडे बघत पडला होता.

"ओळ कशी होती?" वहिनींनी विचारलं.

"आठवत नाही."

"मग मागे न बघता झडपेवर पाय कसा टाकलात?"

"विंगेत म्हणाली होती, आज गाणार म्हणून." त्याने डोळे मिटले. "काकांचा दोष नाही. एवढंच सांगा तिला आणि हे काम सोडा, बाई. पाया पडलो असतो, पण तेवढंही आता जमत नाही."

रस्त्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, हिशोब सरळ आहे. ताई आणि मास्तर एकीकडे, काका एकटे."

"भाऊजी, मला वाटतं आपण ही बाई दारात आली तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या थिएटरात वहिनींनी सगळ्यांना बोलावलं. मास्तर पियानोवर, काका खाली. आडोसा बाजूला सारलेला.

"ओळ म्हणा, ताई. सुरात."

नटीची नजर मास्तरांकडे गेली. मास्तरांचा तळहात चढला, तसा तिचा आवाज चढला. "तू हो पुढे, मी येतेच." झडप हलली नाही.

"पाहिलंत?" नटी म्हणाली.

वहिनींनी भाऊजींकडून आडोसा पूर्वीच्या जागी लावून घेतला. "आता पुन्हा."

"तू हो पुढे, मी येतेच."

खाली खिट्टी सरकली आणि झडप धाडकन उघडली.

"हे मुद्दाम केलं," नटी म्हणाली.

"माझ्याकडे बघा, ताई." वहिनी तिच्या समोर आल्या. "काल आमच्या घरी किटली तुमच्या कानाशी शिट्टी मारत होती. तुम्ही वळून बघितलं नाहीत. भाऊजींनी पाठीमागून साखर विचारली, तेही कळलं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही."

"थोडं कमी येतं. पण माझा आवाज मला येतो."

"तो आतून येतो. सूर कुठे लागलाय ते तुम्ही मास्तरांच्या हातावरून ओळखता. आडोसा आला, हात दिसेना. म्हणून तर मास्तर भांडले. त्या प्रयोगाला ओळ कोरडीच गेली. आता बघा, कोरडी ओळ ऐकून मास्तरांनी थांबायला हवं होतं. भावाने काठावरच राहायला हवं होतं. एकाने गाणं धरलं, दुसऱ्याने झडपेवर पाय टाकला. का? दोघंही तुमच्या आवाजावर विसंबत नव्हते. तुम्ही गाणार, हे आधीच ठरलेलं त्यांना ठाऊक होतं. आवाजावर विसंबले ते एकटे काका. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं."

"सांगितलं असतं तर हिला पुन्हा रंगमंचावर उभं कोण करणार होतं?" आडोशामागून मास्तर म्हणाले. "तिच्याच भावाने शपथ घातली होती मला." नटी वहिनींकडेच बघत होती, म्हणून वहिनींनी ते शब्द तिला पुन्हा सांगितले.

शिडीवरून काकांचं डोकं झडपेतून वर आलं. "ताई, माझंच नाव द्या पोलिसात. खिट्टी तर मीच ओढली ना. माझं आता काय राहिलंय?"

नटीने त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. कोडं सुटलं होतं आणि कोणाचंच काही सुटलं नव्हतं. भाऊजींना वाटलं, आपण इथून उठून सरळ घरी जावं.

काका खाली उतरले. नटी झडपेच्या काठाशी गेली आणि सगळ्यांकडे पाठ करून त्या अंधारात बघत उभी राहिली.

"तू हो पुढे, मी येतेच," ती हळूच म्हणाली. मग पुन्हा, जरा वरून. मग आणखी एकदा. "आता होतं का सुरात? पहिल्या रांगेतले, तुम्ही सांगा. तुम्ही दर शनिवारी ऐकलंय मला."

"नव्हतं, ताई," भाऊजी म्हणाले.

ती तशीच पाठमोरी उत्तराची वाट बघत राहिली.

"सांगा ना," ती म्हणाली.

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली. मग भाऊजी उठले, रंगमंचावर चढले आणि उघड्या झडपेला वळसा घालून तिच्या समोरच्या बाजूला जाऊ लागले.