पुढची पिशवी

हात धुवायचा साबण संपला होता, बाकी काही नाही. आणि त्या साथीच्या दिवसांत घरात एक वेळ पीठ नसलं तरी चालायचं, साबण नसून भागत नव्हतं. म्हणून मी दुकानात जायला निघाले. बसा ना, सगळं सांगते. तो दिवा तेवढा जरा इकडे सरकवा, हे बोलताना मला समोरचा माणूस नीट दिसलेला बरा.

मी एकटी राहते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लग्न केलं नाही आणि त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. त्या दिवसांत मात्र वाटलं. आयुष्यभर टेलिफोन खात्यात होते मी. पूर्वी फोन लावायचा तर आधी एका बाईला नंबर सांगावा लागे, ती बाई म्हणजे मी. दोन माणसांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं, ही माझी नोकरी. निवृत्त झाले आणि घरात भांड्यांचा काय तो आवाज उरला. त्यात जुना दमा. दम्याचा पंप उशाशी ठेवून झोपणारी बाई मी, आणि बाहेर छातीवरच बसणारा आजार मोकाट सुटलेला.

माझी धाकटी बहीण दुसऱ्या गावी असते. ती रोज फोनवर उलटतपासणी घ्यायची.

"ताई, खरं सांग, बाहेर गेली होतीस ना?"

"दूध संपलं होतं गं."

"दुधावाचून कुणी मरत नाही. श्वासावाचून मरतं. आणि कुणाला घरात घेऊ नकोस, कितीही ओळखीचं असलं तरी. मला शब्द दे."

मी शब्द दिला होता. तिचं खरंच होतं. बाहेर पडायच्या आधी मी दारात उभी राहून मनातल्या मनात तराजू धरायची. एका पारड्यात माझी छाती, दुसऱ्यात चहा, साखर, साबण. छातीचं पारडं दर वेळी खाली जायचं आणि तरीही मी चपला चढवायची. कारण दुसऱ्या पारड्यात एक गोष्ट होती, ती मी बहिणीला कधी सांगितली नाही. मला माणसं बघायची असायची. रांगेत उभं राहिलं की कुणीतरी म्हणायचं, "आज ऊन फार आहे हो," आणि मी म्हणायची, "फारच." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला. दुकानदारानं रस्त्यावर चुन्यानं गोल आखले होते, एका गोलात एक माणूस. पण भर दुपारी त्या गोलात उभं राहायचं म्हणजे पाय भाजायचे. मग लोकांनी तोड काढली. गोलात आपली पिशवी ठेवायची आणि समोरच्या भिंतीच्या सावलीत जाऊन उभं राहायचं. रांग सरकली की मागच्यानं पुढची पिशवी पायानं अलगद पुढच्या गोलात ढकलायची. हात कुणी लावत नव्हतं. एरवी कुणाच्या पिशवीला पाय लागला असता तर भांडण पेटलं असतं. तेव्हा मात्र तोच शिष्टाचार झाला होता.

त्या दिवशी माझ्या पुढच्या गोलात एक पिशवी होती. जाड कापडाची, लाकडी कड्यांची, धुऊन धुऊन रंग गेलेली. मी ती पुढे ढकलत गेले. दुकानाच्या फळीपाशी पोचले तरी सावलीतून कुणी आलं नाही.

"पिशवी कुणाची?" दुकानदार ओरडला. त्यानं ती काठीनं बाजूला सारली आणि मला साबण दिला. घरी येऊन मी हात धुतले, साबण धुतला, दाराची कडी पुसली आणि ती पिशवी विसरून गेले.

पुढच्या वेळी गेले तर तीच पिशवी, माझ्याच पुढे. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मी उशिरा जावं की लवकर जावं, ती आपली पुढच्या गोलात हजर. मला भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू. उलट मला वाटलं, असेल माझ्यासारखीच कुणीतरी. माणसांत यायला घाबरत असेल, लांब कुठे खिडकीत उभी राहून आपली पिशवी पुढे सरकताना बघत असेल. एकदा सावलीत कुणीच नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि मास्कच्या आत पुटपुटले, "काय हो, आज ऊन फार आहे, नाही?"

हसू नका. महिनोन् महिने तोंड मिटून राहिलं की माणूस पिशवीशीसुद्धा बोलतं. मग मला सवयच लागली. गुडघा दुखतो ते सांगितलं, दमा आहे, एकटी राहते ते सांगितलं, बहीण रागावते ते सांगितलं. ऐकणारं कुणीतरी आहे असं वाटायचं आणि बरं वाटायचं.

असंच एकदा दुकानदाराचं डोकं फिरलेलं होतं. गर्दी जास्त, माल कमी. त्यानं फळीवरून वाकून ती पिशवी काठीनं उचलली.

"आज कचऱ्यात जाणार ही. रोजची कटकट. मालक ना पालक!"

काठीच्या टोकाला ती लोंबकळत होती. आणि मला काय झालं कोण जाणे, मी पटकन बोलून गेले.

"राहू द्या हो. त्या माझ्याबरोबर आहेत."

"तुमच्याबरोबर?" त्यानं माझ्या बाजूला बघितलं. मग दोन्ही पिशव्यांत सारखाच माल भरला आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवल्या. "आधी सांगायचं ना, दोघी आहात म्हणून."

मला वाटलं, चिडून टोमणा मारतोय. दोन्ही पिशव्या उचलल्या. तिची पिशवी कुठे द्यायची ते ठाऊक नव्हतं, पण उन्हात टाकून यायला मन होईना. म्हटलं, आमच्या फाटकापाशी ठेवू, न्यायला येईल ती. गल्ली रिकामी होती. दुकानांची दारं ओढलेली, जंतुनाशकाचा तो घसा धरणारा वास सगळीकडे. माझ्या चपलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. कानाचीच नोकरी केलेली बाई मी. थोडं अंतर गेल्यावर लक्षात आलं, परत येणारा आवाज माझ्या पावलांशी जुळत नाहीये. मी थांबले की तो एक पाऊल उशिरा थांबत होता.

मी मागे वळून पाहिलं नाही. भराभर चालत फाटक गाठलं.

आमच्या फाटकावर रखवालदार असतो. त्याला सगळे कर्नल म्हणतात, कारण सैन्याच्या आसपासही कधी न जाता तो सगळ्यांना सलाम ठोकतो. तेव्हा त्याच्याकडे ताप मोजायची ती बंदूक होती. मास्कमुळे त्याचा चष्मा कायम वाफाळलेला असायचा, माणूस समोर आला की नुसत्या आकारावर बंदूक रोखायचा. माझ्या कपाळावर रोखली. हिरवा दिवा.

"ठीक. जा ताई."

मी एक पाऊल टाकलं. त्यानं बंदूक माझ्या डाव्या अंगाला वळवली, माझ्या खांद्याच्या उंचीवर. तिथे कुणी नव्हतं. बंदूक टुंग करून वाजली आणि लाल दिवा लागला.

"ताई... तुमचं ठीक आहे. पण यांना ताप आहे. चांगलाच आहे. यांना आत नाही सोडता येणार."

"कुणाला?"

"या तुमच्याबरोबरच्या..." तो म्हणाला. मग त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे बघितलं. माझ्या बाजूला बघितलं. नंतर त्याच्या हातातली बंदूक हळूहळू खाली गेली आणि तो चार पावलं मागे सरला. त्यानं सलाम केला नाही.

ती पिशवी मी तिथेच टाकली. तळमजल्यावरचं माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर, पण दाराला किल्ली लावेपर्यंत छातीतून शीळ वाजायला लागली होती. आत शिरले, कडी घातली, पंप ओढला. त्या दिवशी मी हात किती वेळ चोळत होते ते विचारू नका.

दिवेलागणीला दारावर टकटक झाली. जोरात नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून कुणी अवघडून वाजवावं, तशी.

"कोण?"

आवाज आला. बाईचा आवाज, माझ्याच वयाची असावी. फार बोलायची ताकद नसलेला.

"तुम्हीच म्हणालात ना... बरोबर आहे म्हणून..."

आयुष्यभर आवाजांवरून माणसं ओळखली मी. जिवंत माणूस बोलताना मधे श्वास घेतं. या आवाजात वाक्यं तुटत होती, पण श्वास कुठेच नव्हता.

"तुम्हाला ताप आहे," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"हो... म्हणून कुणी आत घेतलं नाही. मुलानं नाही... शेजारणीनं नाही... सगळे म्हणाले, थोडं थांबा..."

सांगते ना तुम्हाला, भीती होतीच, पण त्या भीतीतही कडीवर हात गेला होता माझा. मग बहिणीला दिलेला शब्द आठवला, स्वतःची छाती आठवली. मी हात मागे घेतला.

"मला दार उघडता येणार नाही," मी म्हणाले. "मला दमा आहे हो. मी एकटी आहे."

"ठाऊक आहे... तुम्ही सांगितलं होतंत..." आणि मग अगदी समजूतदारपणे, "बरं. थांबते मी."

त्यानंतर मी दार उघडलं नाही. उघडलंच नाही. कर्नलला फोन करून सांगितलं, तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून गजांमधून सामान देई आणि कचरा नेई. मी एकदा विचारलं, माझ्या दारात कुणी असतं का? तो म्हणाला, तिकडून मी जातच नाही ताई. पिशवीबद्दल विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या सकाळी फाटकाशी नव्हती.

पण दाराबाहेरचा आवाज यायचा. रोज. फार वेळ उभं राहिलेलं माणूस कसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतं, चप्पल कशी फरशीवर किंचित घासते, तेवढाच. पहिले काही दिवस मी कानात कापूस घालून बसले. मग कापूस काढला. आणि मग एका संध्याकाळी, घरात इतकं सुनं वाटत होतं की मी दाराशी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आज उकडतंय हो फार."

"फारच," बाहेरून उत्तर आलं.

मला सोबत वाटायची, हे कबूल करायला हवं. पण दार मी उघडलं नाही. तो माझा शब्द मी पाळला.

पुढे साथ ओसरली. गाड्या सुरू झाल्या. बहिणीचा फोन आला, येतेय म्हणाली, आणि एका दुपारी फाटकावरूनच तिनं परत फोन केला, "पोचले गं ताई, उघड दार!" मी दाराशी जाऊन कान लावला. बाहेर शांत होतं, चपलेचा आवाज नाही, काही नाही. बहिणीची बेल मात्र वाजेना. फाटकापासून दारापर्यंत यायला कितीसा वेळ लागतो? मी उभीच. शेवटी एकदाची बेल वाजली, मी कडी काढली आणि दार सताड उघडलं. ऊन असेल बाहेर, एक गरम झोत माझ्या गालाला लागून आत गेला. समोर बहीण. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून लहान मुलींसारख्या रडलो.

मग मी डोळे पुसून म्हटलं, "एवढा वेळ कुठे होतीस? बेल वाजवायला मुहूर्त बघत होतीस का?"

"अगं, पुढे त्या उभ्या होत्या ना," बहीण चपला काढत म्हणाली. "म्हटलं अंतर ठेवावं, आधी त्यांचं होऊ दे. पण त्या बेल वाजवेनातच. शेवटी मीच मागून हात लांबवून वाजवली. तू दार उघडलंस, त्या आत गेल्या, मग मी आले."

बहिणीनं माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कोण गं त्या? आल्या आल्या तुझ्या पलंगावर जाऊन आडव्या झाल्यात."