राष्ट्राध्यक्षांच्या मळ्यातला पाला

तुम्ही कधी रिकाम्या मळ्यात पाऊल टाकण्याआधी परवानगी मागितली आहे का? मी रोज मागते. राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यामागे भाजीचा मळा आहे, तिथे मी अकरा वर्षं राबते आहे. फाटकाशी थांबायचं, तीनदा हलकेच टाळी वाजवायची आणि विचारायचं, "येऊ का?" आमच्याकडे कुणाच्याही अंगणात असंच शिरतात. म्हातारे माळी चिसेसेले आजोबा होते तोवर आतून "ये की" असं उत्तर यायचं. ते वारले, तरी मी विचारत राहिले. आचारी लिकोंग्वे मला चिडवायचा, की आता तुला कोबी उत्तर देतो की कांदा?

त्या दिवशी मात्र घाई होती. नव्या अधीक्षकांनी मळा मोडून तिथे हिरवळ करायचं ठरवलं होतं. पाहुण्यांच्या नजरेला कोबी बरा दिसत नाही म्हणे. राष्ट्राध्यक्षांच्या आई गावाहून दुपारी जेवायला येणार होत्या, आणि मळ्याचं काय ते त्यांच्यासमोरच ठरणार होतं. मळा गेला की माझं कामही गेलं.

लिकोंग्वे म्हणाला, "मावशी, भोपळ्याचा कोवळा पाला आण. शेंगदाण्याच्या कुटात असा शिजवतो की म्हातारी मळ्यातच मुक्काम टाकेल."

मी टोपली घेऊन पळाले. आमच्याकडे जून म्हणजे ऐन थंडी; धुकं डोंगरावरून खाली उतरलं होतं, चार हातांवरचं दिसत नव्हतं. न थांबता मी फाटक ढकललं.

कोबीचा वाफा लागला. मग दुसरा. मग तिसरा. आमच्याकडे कोबीचे वाफे दोनच आहेत... मी मोजत गेले. नववा, दहावा. ओल्या मातीचा वास, पानांवरून ठिबकणारं पाणी, आणि कुंपण कुठेच नाही. हाक मारली, ती धुक्यात विरून गेली. मागे वळले तर मागेही कोबीच. जन्मभर कोबी लावला, पण त्याची भीती वाटली ती तेवढ्या एकाच दिवशी.

मग माझी चूक माझ्या लक्षात आली. तिथेच चिखलात मी गुडघे टेकले आणि तीनदा टाळी वाजवली.

"आजोबा... चुकले. येऊ का?"

मग अगदी कानाशी, आजोबांच्या नेहमीच्या तपकिरीच्या वासासकट, हळू आवाज आला.

"आता विचारतेस होय गं... ये की."

कुणीतरी खुदकन हसलं. माझे दात वाजत होते, तरी मलाही हसू आलं. हात पुढे केला, तर भोपळ्याचा वेलच हाताला लागला.

दुपारी आईंनी तीनदा पाला मागून घेतला. लिकोंग्वे वाढत होता, त्यानेच नंतर सगळं सांगितलं. अधीक्षकांनी हिरवळीचा विषय काढला, तेव्हा आईंनी बोटं चाटत विचारलं, की बाबा, ती हिरवळ शिजवतात कशी? अधीक्षक बराच वेळ टेबलाखाली रुमाल शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला, की मळा राहील आणि पूर्वेच्या भिंतीलगत आणखी एक वाफा वाढवायचा. मी कुदळ घेऊन गेले, तर तिथे वाफा खणून, पाणी घालून तयार होता, आणि भोवतालच्या मऊ चिखलात एकाही पावलाचा ठसा नव्हता.